पोकेमॉनच्या ‘स्पेशल’ कार्डांवरून भांडण झालं, तर पंचाने कार्डावर कुठे बघायचं?

ताई, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे काही सुटलं असेल तर इथेच कळेल. मुलुंडच्या तुमच्या सोसायटीत माघी गणपतीला कॅरम आणि चित्रकलेच्या जोडीला यंदा मुलांनी पोकेमॉन कार्डांची स्पर्धा मागून घेतली. तुमचा मुलगा खेळतो, म्हणून पंचाची खुर्ची तुमच्याकडे आली. आणि सरावाच्या सामन्यांतच पाच भांडणं झाली. एकाच्या डेकमध्ये (खेळायला आणलेल्या गड्डीत) चार चॅरिझार्ड होते आणि वर चार चॅरिझार्ड ईएक्स, म्हणजे त्याच पोकेमॉनचं जास्त ताकदीचं कार्ड. दुसऱ्याने दोन वेगवेगळी एस स्पेक कार्डं (मोजकीच घालता येणारी जोरदार कार्डं) घातली होती. बेंचवर, म्हणजे मागे राखीव, बसलेल्या टेरा प्रकारच्या पोकेमॉनला ड्रॅगापल्ट ईएक्सने मारलं, ते चालतं की नाही यावरून दोघं रडकुंडीला आले. मेगा लुकारिओ ईएक्स पडल्यावर (नॉकआउट झाल्यावर) समोरच्याने प्राइझ, म्हणजे बाजूला उपडी ठेवलेली बक्षिसाची कार्डं, दोन घ्यायची की तीन, आणि मेगा केल्यावर टर्न संपतो का, हे चौथं. पाचवं म्हणजे बडू या पोकेमॉनने आयटम (एकदा वापरून टाकायची मदतीची कार्डं) बंद केलेले असताना टूल (पोकेमॉनला जोडायचं मदतीचं कार्ड) लावता येतं का. ‘स्पेशल कार्डांचे सगळे नियम एका कागदावर लिहून द्या, मी प्रिंट काढून क्लबहाउसच्या भिंतीवर लावते,’ असं तुम्ही म्हणता.

कागद देता येईल, पण तो फार दिवस पुरणार नाही. दर काही महिन्यांनी नवा संच येतो आणि त्यात एखादा नवा प्रकार असतो. शिवाय मुलांच्या डब्यांत मावसभावाची दहा वर्षांपूर्वीची कार्डंही निघतात. मी रविवारी दादरला मुलांचे सामने घेतो आणि पंच म्हणून बसतो. तिथे माझ्यापर्यंत येणारं जवळजवळ प्रत्येक भांडण एकाच वाक्याने सुरू होतं: ‘सर, पण हे स्पेशल कार्ड आहे ना!’ कार्ड भारी आहे म्हणजे त्याला सगळीकडे सवलत, असं मुलांनी मनाशी धरलेलं असतं. या खेळात तशी सरसकट सवलत कुठल्याच कार्डाला नाही. फर्स्ट क्लासचा पास आहे म्हणून लोकल आपल्यासाठी थांबत नाही, फक्त त्या डब्यात चढता येतं. स्पेशल कार्डाचंही तसंच. ज्या एका बाबतीत ते वेगळं आहे, ती बाब कार्डावर एका ठरावीक जागी छापलेली असते. बाकी सगळ्या बाबतीत ते साधंच कार्ड.

म्हणून भांडण आलं की मी आधी विचारतो, वाद नेमका कशाचा आहे? डेकमध्ये किती घालायची याचा असेल, तर वरचं नाव वाचायचं. कार्ड कधी आणि कशावर खेळायचं याचा असेल, तर वरचा प्रकार आणि कशापासून इव्हॉल्व्ह होतं, म्हणजे कुठल्या पोकेमॉनवर बसवायचं, ती ओळ. कोणाला काय लागलं याचा असेल, तर मधला मजकूर शब्दन् शब्द. प्राइझ किती याचा असेल, तर तळाची नियमाची चौकट. आणि नियमपुस्तक एक म्हणतंय, कार्ड दुसरं म्हणतंय, असं झालं तर कार्डाचं ऐकायचं. उदाहरणार्थ, पहिली पाळी असलेल्याला त्याच्या पहिल्या टर्नला सपोर्टर (टर्नमध्ये एकच खेळायचं मदतीचं कार्ड) खेळता येत नाही. पण कारमाइन नावाच्या सपोर्टरवर स्वच्छ लिहिलंय की पहिली पाळी तुमची असली तरी पहिल्या टर्नला वापरता येईल. मग तो वापरता येतो, आणि तेवढाच. दुसरा एखादा सपोर्टर त्याचं बोट धरून आत येत नाही.

आता चॅरिझार्डचं. डेक साठ कार्डांचा, आणि बेसिक एनर्जी (हल्ल्यांसाठी पोकेमॉनला लावायची साधी कार्डं) सोडली तर एका नावाची जास्तीत जास्त चार कार्डं. ‘चॅरिझार्ड’ आणि ‘चॅरिझार्ड ईएक्स’ ही दोन वेगळी नावं धरतात, कारण ईएक्स हा नावाचाच भाग आहे. त्यामुळे चार आणि चार चालतात. तो मुलगा बरोबर होता. (आठ चॅरिझार्ड घालून तो जिंकेल कसा, हा प्रश्न वेगळा. हातात चॅरिझार्डच साचणार आणि त्याच्या खाली बसवायच्या चार्मँडरचा पत्ता नसणार.) उलट, वेगवेगळ्या संचांतले, वेगळे हल्ले आणि वेगळी चित्रं असलेले साधे चॅरिझार्ड मात्र सगळे मिळून चारच. इथे मुलं हमखास घसरतात, कारण त्यांच्या डोळ्यांना ती वेगळी कार्डं दिसतात.

नावाची हीच गोष्ट मालकाच्या नावाने येणाऱ्या पोकेमॉनला लागू आहे. मार्च २०२५ च्या ‘जर्नी टुगेदर’ संचापासून ‘एन्स झोरोआर्क ईएक्स’सारखी (एन या पात्राचा झोरोआर्क) कार्डं परत आली. एन्स झोरोआर्क ईएक्स हा एन्स झोरुआवरच बसतो, साध्या झोरुआवर नाही. प्रदेशाच्या नावाचंही तेच: क्लॉडसायर पाल्डियन वूपरपासून होतो, क्वॅगसायर साध्या वूपरपासून. कार्टूनमध्ये काय होतं ते मुलं सांगतील. ऐकून घ्या आणि कार्डावरची ओळ दाखवा. एन्शंट आणि फ्यूचर हे शिक्के मात्र नावाचा भाग नाहीत, ती नुसती ओळखीची पट्टी आहे. सपोर्टरमध्ये एक छोटा सापळा आहे. ‘प्रोफेसर्स रिसर्च’च्या पुढे कंसात वेगवेगळ्या प्रोफेसरांची नावं असतात, ‘बॉसेस ऑर्डर्स’च्या पुढे वेगवेगळ्या बॉसची. मोजताना कंस सोडून द्यायचा. सगळे मिळून चार.

एस स्पेकचं उत्तर सोपं आहे: दोन चालणार नाहीत. एका नावाचं एक असा तो नियम नाही. डेकमध्ये एस स्पेक मिळून एकच, मग नाव कुठलंही असो. हा प्रकार नोव्हेंबर २०१२ च्या ‘बाउंडरीज क्रॉस्ड’ संचात आला, मधे गायब झाला आणि मार्च २०२४ मध्ये ‘टेम्पोरल फोर्सेस’बरोबर परतला. जुन्या डब्यांत याचे दोन चुलत नातेवाईक सापडतील. रेडियंट पोकेमॉनचीही मर्यादा सगळे मिळून एक अशीच आहे. प्रिझम स्टारची मर्यादा मात्र एका नावाचं एक अशी, म्हणजे वेगवेगळ्या नावांची प्रिझम स्टार एकाच डेकमध्ये बसतात. एक एस स्पेक आणि एक रेडियंट एकत्र चालतात का, असं कोणी विचारलं तर हो. दोन मर्यादा स्वतंत्र आहेत.

पण डेक बांधून झाला की एस स्पेक असण्याचं काम संपलं. टेबलावर ते कार्ड त्याच्या मूळ प्रकाराप्रमाणेच वागतं, आणि इथूनच तुमचं बडूचं भांडण सुटतं. बडूचा ‘इची पॉलन’ हा हल्ला बिनएनर्जीचा. डॅमेज जेमतेम १०, पण समोरच्याला त्याच्या पुढच्या टर्नमध्ये हातातून आयटम खेळता येत नाही. आता एस स्पेकांपैकी प्राइम कॅचर हा आयटम आहे, तो अडकला. हीरोज केप हे टूल आहे, ते लावता येतं. निओ अप्पर एनर्जी ही एनर्जी आहे, तीही लागते. तिघंही एस स्पेक, तरी तिघांचं उत्तर सारखं नाही. ‘हे एस स्पेक आहे, बडूला घाबरत नाही’ असं कोणी म्हटलं, की कार्डाच्या वर छापलेला प्रकार बोटाने दाखवायचा.

टूलबद्दल गोंधळ का होतो तेही सांगतो, कारण इथे दोन्ही मुलांकडे आपापला पुरावा असू शकतो. टूल हा पूर्वी आयटमचाच पोटप्रकार होता आणि जुन्या कार्डांवर तसं छापलेलंही आहे. ३१ मार्च २०२३ ला स्कार्लेट अँड व्हायोलेट मालिका आली तेव्हापासून टूल स्वतंत्र ट्रेनर प्रकार झाला, आणि जुन्या टूलवर आयटम छापलेलं असलं तरी ते आता नुसतं टूल म्हणूनच धरायचं. कार्डावर छापलेलं मानायचं असं मी वर म्हटलं, त्याला हा अपवाद: नंतर जाहीर झालेली दुरुस्ती छापील मजकुराच्या वर. म्हणजे बडूच्या टर्नमध्ये टूल बिनधास्त लावा. एका पोकेमॉनवर एकच टूल, आणि लावलेलं टूल मनात आलं म्हणून काढून दुसरं बसवता येत नाही, एवढं पाहा. टेक्निकल मशीन म्हणजे हल्ला छापलेलं टूलच आहे, तेही लागतं. रेअर कँडी मात्र आयटम, ती बंद. हातातलं फॉसिलसुद्धा आयटमच, टेबलावर ते पोकेमॉनसारखं बसत असलं तरी. तेही बंद. आणि बडू पडला तरी त्या टर्नपुरती बंदी राहते, कारण ती खेळाडूवर घातलेली आहे, पोकेमॉनवर नाही.

मेगावर तुम्हाला सर्वांत जास्त आवाज ऐकू येईल, कारण इथे दोन वेगळ्या काळांचे नियम एकमेकांना धडकतात. सप्टेंबर २०२५ च्या ‘मेगा इव्होल्यूशन’ संचापासूनचे मेगा ईएक्स नॉकआउट झाले की समोरच्याला तीन प्राइझ. टर्न संपत नाही. मेगा लुकारिओ ईएक्स हा सरळ स्टेज १ आहे, रिओलूवर बसतो, आणि एनर्जी असेल तर त्याच टर्नला हल्लाही करतो. रिओलू त्याच टर्नला खाली ठेवलेला असेल तर त्याच्यावर लगेच इव्हॉल्व्ह करता येत नाही, हा नेहमीचा नियम त्यालाही आहे. मेगा कँगसकान ईएक्स तर बेसिकच आहे. त्याला खाली दुसरं काही लागतच नाही. मुलं म्हणतात, ‘मेगा आहे म्हणजे आधी साधा कँगसकान हवा ना?’ वरच्या कोपऱ्यात बेसिक छापलंय, वाद संपला.

टर्न संपतो, असं म्हणणारा मुलगा खोटं बोलत नाहीये. तो २०१४ च्या एक्सवाय मालिकेतल्या मेगांबद्दल बोलतोय, बहुधा घरातल्या थोरल्या भावंडाकडून ऐकलेलं. त्या काळी एम व्हीनसॉर-ईएक्स हा व्हीनसॉर-ईएक्सवर बसायचा, आणि तसा बसवला की टर्न संपायचा. ठरावीक स्पिरिट लिंक टूल आधी लावलेलं असेल तरच हल्ला करता यायचा. प्राइझ दोन. तेव्हाचा ईएक्स मोठ्या अक्षरांत, आताचा लहान अक्षरांत, आणि खेळाच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्रकार आहेत. आताच्या ईएक्सवर चालणारं कार्ड त्या मोठ्या अक्षरांतल्या ईएक्सवर चालत नाही. मेगा ईएक्स मात्र आताच्या ईएक्समध्येच मोडतात. म्हणून मॅक्सिमम बेल्ट लावलेल्या पोकेमॉनला समोरच्या अ‍ॅक्टिव्ह (पुढे लढणाऱ्या) ईएक्सवर जे ५० जादा डॅमेज मिळतं, ते मेगा ईएक्सवरही मिळतं, तेही वीकनेस (ठरावीक प्रकारच्या हल्ल्याचं दुप्पट डॅमेज) लावायच्या आधी. वीकनेस असेल तर ते ५० दुप्पट होतात. हिशेब चुकतो तो इथेच, त्यामुळे मुलांना कागदावर बेरीज करायला लावा.

आता टेरा आणि ड्रॅगापल्ट. इथे जरा सावकाश जातो, कारण हे एक नीट समजलं तर पुढची निम्मी भांडणं तुमच्यापर्यंत येणारच नाहीत.

टेरा पोकेमॉनच्या कार्डावर लिहिलेलं असतं की तो बेंचवर असेपर्यंत हल्ल्यांचं सगळं डॅमेज अडवलं जातं, तुमच्या हल्ल्यांचं आणि समोरच्याच्याही. ड्रॅगापल्ट ईएक्सचा ‘फँटम डाइव्ह’ दोन गोष्टी करतो. समोरच्या अ‍ॅक्टिव्हला २०० डॅमेज, आणि समोरच्या बेंचवर सहा डॅमेज काउंटर हवे तसे वाटून ठेवायचे. एक काउंटर दहाचा, म्हणजे साठ. मुलाच्या डोळ्यांना दोन्हीकडे ‘साठ लागले’ असंच दिसतं. पण खेळात डॅमेज करणं ही एक क्रिया आणि काउंटर ठेवणं ही दुसरी. डॅमेजला वीकनेस लागतो, रेझिस्टन्स लागतो, टूलची बेरीज होते, ढाली अडवतात. काउंटर ठेवताना यातलं काहीच होत नाही, ते थेट उचलून पोकेमॉनवर ठेवतात. तो हल्ल्याचा इफेक्ट असतो. टेराची ढाल फक्त डॅमेज अडवते असं कार्ड म्हणतं, इफेक्टचं नावही घेत नाही. म्हणून ड्रॅगापल्टचे काउंटर बेंचवरच्या टेरावर बसतात, आणि त्याने तो नॉकआउट झाला तर प्राइझ मिळतात. गंमत म्हणजे ड्रॅगापल्ट ईएक्स स्वतः टेरा आहे, त्यामुळे दोघांकडे ड्रॅगापल्ट असतील तर दोघंही एकमेकांच्या बेंचवर असेच काउंटर ठेवत बसतात.

याच्या उलट बाजूला मिस्ट एनर्जी आहे. ती ज्या पोकेमॉनला लावली, त्याच्यावर समोरच्याच्या हल्ल्यांचे इफेक्ट होत नाहीत, आणि डॅमेज म्हणजे इफेक्ट नव्हे हे त्याच कार्डावर कंसात लिहिलंय. म्हणजे बेंचवर मिस्ट एनर्जी लावलेला पोकेमॉन असेल, तर ड्रॅगापल्टला त्याच्यावर काउंटर ठेवता येणार नाहीत. पण तोच पोकेमॉन अ‍ॅक्टिव्ह असेल तर २०० डॅमेज पूर्ण बसेल. रॅब्स्काची अ‍ॅबिलिटी (हल्ला न करता चालणारी खास ताकद) बेंचसाठी दोन्ही अडवते, समोरच्याच्या हल्ल्यांचं डॅमेजही आणि इफेक्टही. तीन ढाली, तिघींचा मजकूर वेगळा, उत्तरंही वेगळी. ‘प्रोटेक्शन आहे’ एवढ्यावर कोणाला सोडू नका. कशापासून प्रोटेक्शन, ते वाचायला लावा.

आणखी एक पायरी आहे. डस्कन्वारची ‘कर्स्ड ब्लास्ट’ ही अ‍ॅबिलिटी समोरच्या एका पोकेमॉनवर तेरा काउंटर ठेवते, आणि ते ठेवल्यावर डस्कन्वार स्वतः नॉकआउट होतो, म्हणजे समोरच्याला त्याचं एक प्राइझ. इथे काउंटर ठेवणारा हल्ला नाही, अ‍ॅबिलिटी आहे. वरच्या तिन्ही ढाली हल्ल्यांबद्दल बोलतात. त्यामुळे टेरा, मिस्ट एनर्जी, रॅब्स्का, तिघांपैकी कोणीही हे तेरा काउंटर अडवत नाही. म्हणून पंचाने विचारायचे दोन प्रश्न: हे हल्ल्यातून आलं की अ‍ॅबिलिटीतून? आणि हे डॅमेज आहे की काउंटर? दोन्हींची उत्तरं मिळाली की ढालीवरचा मजकूर वाचायचा. माझ्याकडे येणारी बरीच मुलं दुसऱ्या प्रश्नापर्यंत पोचली की स्वतःच ‘अच्छा!’ म्हणून परत टेबलाकडे जातात.

प्राइझच्या हिशेबातही हाच फरक एकदा तरी पुढे येईल. लेगसी एनर्जी नावाची एस स्पेक एनर्जी आहे. ती लावलेला पोकेमॉन समोरच्याच्या हल्ल्याच्या डॅमेजने पडला, तर समोरच्याला एक प्राइझ कमी, आणि हे सामन्यात एकदाच. मेगा ईएक्सला ती लावली असेल तर तीनाऐवजी दोन. पण तोच मेगा काउंटर ठेवून पाडला असेल, तर सवलत नाही, तीन पूर्ण द्यायची. मूल आकाश-पाताळ एक करेल. कार्डावरचं ‘डॅमेज’ दाखवा.

तुम्ही विचारलं नाही, पण रेअर कँडीवरून तुमच्याकडे कोणीतरी येणारच. ती बेसिकवरून थेट स्टेज २ वर नेते, आणि स्टेज २ ईएक्सलाही चालते: चार्मँडरवर सरळ चॅरिझार्ड ईएक्स. खेळाडूच्या पहिल्या टर्नला नाही, आणि त्याच टर्नला खाली ठेवलेल्या बेसिकवरही नाही. ‘ऑब्सिडियन फ्लेम्स’मधल्या चॅरिझार्ड ईएक्सची ‘इन्फर्नल रेन’ ही अ‍ॅबिलिटी हातातून इव्हॉल्व्ह केल्यावर डेकमधून तीनपर्यंत बेसिक फायर एनर्जी शोधून लावू देते. रेअर कँडीने चॅरिझार्ड हातातूनच येतो, म्हणून ती मिळते. ‘टेक्निकल मशीन: इव्होल्यूशन’ वापरून चार्मिलिअनवर चॅरिझार्ड आणला, तर तो डेकमधून आला, हातातून नाही. मग एनर्जी नाही. तेच कार्ड, तोच पोकेमॉन, फक्त यायचा रस्ता वेगळा. आणि ‘बेसिक’ म्हटलंय म्हणजे निओ अप्परसारखी स्पेशल एनर्जी त्यात शोधता येत नाही, ती सगळ्या रंगांची एनर्जी देत असली तरी.

सोनेरी, इंद्रधनुषी, पूर्ण चित्राची कार्डं यांच्यावर मी फार वेळ घालवत नाही. खालच्या कोपऱ्यातले तारे दुर्मीळपणा सांगतात, ताकद नाही. दोन सोनेरी ताऱ्यांचं कार्ड आणि त्याचंच साधं रूप, मजकूर सारखा असेल तर खेळात एकच कार्ड, आणि चारच्या मोजणीत दोन्ही एकत्र. किमतीत आकाश-पाताळाचा फरक असेल, तो मुलांनी आपापसात बघावा. स्पर्धेच्या दिवशी अदलाबदली बंद ठेवा, हा मात्र माझा आग्रह आहे. लहान मुलाचं चांगलं कार्ड मोठ्याने चकाकत्या कार्डावर लाटलं, की संध्याकाळी दोन्ही घरांचे आईबाप तुमच्या दारात.

चकाकणाऱ्या कार्डांपैकी काही नकली असणार, हे गृहीत धरा. खेळण्यांच्या दुकानांत आणि फुटपाथवर सोनेरी प्लॅस्टिकच्या पोकेमॉन कार्डांची पाकिटं स्वस्तात मिळतात, तुमच्या सोसायटीतही असतीलच. त्यांवर एचपी (पोकेमॉनची सहनशक्ती) मनाला येईल तेवढं, हल्ल्याची अक्षरं चुकलेली, पाठचा निळा भाग फिका किंवा पाठही सोनेरी. कार्डावर छापलेलं वाचा, हा माझा सगळा सल्ला त्या कार्डांपुढे निकामी ठरतो, कारण तिथे छापलेलंच खोटं. स्पर्धेत ती नकोत. पण सहा वर्षांच्या मुलाकडे तेवढीच असतील तर? मी अशा मुलाला खऱ्या कार्डांचा एक तयार डेक उसना देतो आणि त्याची सोनेरी कार्डं बघून कौतुक करतो. तुमच्याकडे जादा डेक नसेल, तर मोठ्या मुलांकडून दोन-तीन मागून ठेवा.

आता परिस्थितीवर अवलंबून असणारा भाग. कुठले संच चालतील, हे तुम्ही ठरवायचंय. अधिकृत स्टँडर्ड प्रकारात कार्डाच्या तळाला डाव्या कोपऱ्यात छापलेलं अक्षर बघतात, आणि जुनी अक्षरं टप्प्याटप्प्याने बाद होतात. ११ एप्रिल २०२५ ला एफ हे अक्षर बाद झालं आणि त्याबरोबर व्ही, व्हीमॅक्स, व्हीस्टार, रेडियंट हे सगळे तिथून गेले. तुमची मुलं पुढे मोठ्या स्पर्धांत उतरणार असतील तर आतापासून तीच सवय लावा, आणि त्या स्पर्धेचे चालू नियम आयोजकांकडून घ्या. नुसती गणपतीतली मजा असेल, तर मी जुनी कार्डं येऊ देईन. नाहीतर निम्म्या मुलांचे डेकच बनणार नाहीत. मग एवढं लक्षात ठेवा: व्ही आणि व्हीस्टार पडले की दोन प्राइझ, व्हीमॅक्सला तीन, रेडियंटला एक. व्हीस्टार पॉवर प्रत्येक खेळाडूला सामन्यात एकदाच, मग त्याच्याकडे कितीही व्हीस्टार असोत. जुन्या जीएक्स पोकेमॉनच्या जीएक्स हल्ल्याचंही तसंच. वापरली की टेबलावर एक नाणं उलटं करून ठेवायला सांगा, नंतर ‘मी कुठे वापरली?’ होत नाही. २०१४ चे मेगा वगैरे मात्र माझ्या मते बाजूला ठेवा. त्यांना वेगळे नियम सांभाळावे लागतात, आणि पंच तुम्ही एकट्या आहात.

चिठ्ठीवर डेकची यादी आदल्या दिवशी लिहून घ्या. नावं आणि आकडे, बस. चारची मोजणी, एस स्पेकची मोजणी, हे सगळं तेव्हाच तपासून होतं आणि स्पर्धेच्या दिवशी फक्त टेबलावरचे वाद उरतात.

ते आले, आणि चूक आधीच होऊन गेलेली असली तर काय करायचं, हे शेवटी. चूक त्याच टर्नमध्ये पकडली आणि मागे जाता येत असेल तर मागे न्या: चुकीने लावलेली एनर्जी हातात परत, चुकीने ठेवलेले काउंटर काढा. मधे डेक पिसला गेला असेल किंवा कार्डं ओढून हातात मिसळली असतील, तर मागे जाऊ नका. झालं ते तसंच ठेवा, चूक दोघांना समजावून सांगा आणि तिथून पुढे खेळवा. जादा घेतलेलं प्राइझ अजून हातातल्या कार्डांत मिसळलं नसेल तर न बघता जागेवर परत. मिसळलं असेल तर समोरच्याला त्या मुलाच्या हातातलं एक कार्ड न बघता ओढू द्या आणि ते प्राइझमध्ये उपडं ठेवा. ही शेवटची माझ्या टेबलावरची पद्धत आहे, मोठ्या स्पर्धेत तिथला पंच वेगळं करेल. सोसायटीत मुलं ते मान्य करतात, फक्त सामने सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवून सांगून ठेवा.